रस्त्याकडेच्या शेतात उभे राहिलेले स्मारक हटवताना: जमीनमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रस्त्यावर अपघात होतो, घरातला कर्ता मुलगा जातो, आणि दहाव्या-बाराव्याच्या सुमारास त्या जागेला लागून असलेल्या शेताच्या बांधावर एक फोटो येतो. आधी तो बाभळीच्या खोडाला तारेने बांधलेला असतो. मग त्याखाली चार विटा येतात, सहा महिन्यांत सिमेंटचा चौथरा होतो, वर्षश्राद्धाला संगमरवरी पाटी बसते आणि वर पत्र्याचे छप्पर चढते. शेताचा मालक तोवर गप्प राहिलेला असतो, कारण ज्या घरावर एवढा आघात झाला त्या घराला ‘ही जागा आमची आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे, असा त्याच्यापुढे खराखुरा प्रश्न असतो. पुढे कधीतरी शेत विकायची वेळ येते, भावाभावांत वाटप होते, जमीन अकृषिक करायची असते किंवा रस्त्यावरून शेतात उतरायला वाट काढायची असते, आणि नेमकी तीच जागा आडवी येते.

आमच्या शेतात हेच झाले. पूर्वेच्या बांधावर, राज्यमार्गाला लागून, साधारण तीन फूट लांब-रुंद चौथरा उभा राहिला. त्याच्या कडेला ओल्या सिमेंटमध्ये कोणीतरी खिळ्याने तारीख कोरली होती. शेवटचा आकडा नीट उमटला नाही म्हणून तो पुन्हा गिरवलेला दिसत होता. ती तारीख जवळून पाहिल्यावर पहार घेऊन जाण्याचा विचार माझ्या मनातून कायमचा गेला, मात्र जागा मोकळी करण्याची गरज काही गेली नाही. ते काम पुरे व्हायला अकरा महिने लागले आणि त्यातले आठ महिने केवळ आमच्या संकोचात गेले. म्हणून या लेखातले सगळे सांगणे दोन गोष्टींभोवती आहे: पहिला शब्द लवकर बोला, आणि स्मारक हलवताना पहिला हात त्या कुटुंबाचाच लागू द्या. इथे दिलेली माहिती महाराष्ट्रातील कायदे आणि महसुली पद्धत यांना धरून आहे; प्रकरण कोर्टात जाण्याची चिन्हे दिसू लागली, तर कागद घेऊन स्थानिक दिवाणी वकिलांकडे जाणे आवश्यक आहे.

जागा खरोखर तुमची आहे का

हा प्रश्न अनेकांना अपमानास्पद वाटतो, पण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. रस्ता रुंद करण्यासाठी जमीन संपादित झालेली असते, वडिलांनी किंवा आजोबांनी मोबदला घेतलेला असतो, परंतु भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक, म्हणजे संपादनानंतर बदललेले क्षेत्र दाखवणारा कागद, झालेले नसल्याने सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्वीइतकेच दिसत राहते. असा सातबारा हाती धरून ‘माझ्या जमिनीतले बांधकाम काढा’ असे सांगायला गेलेला माणूस प्रत्यक्षात शासनाच्या जागेबद्दल बोलत असतो. त्यामुळे चालू सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार, गटाचा नकाशा आणि रस्त्यासाठी संपादन झाले असल्यास त्याचा निवाडा व कमी-जास्त पत्रक, एवढे कागद आधी गोळा करावेत.

त्यानंतर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. अर्ज ऑनलाइन भरता येतो. मोजणीच्या दिवशी भूकरमापकांना आवर्जून सांगावे की, बांधकामाची जागा, त्याची लांबी-रुंदी आणि रस्त्याच्या मध्यापासूनचे अंतर नकाशावर दाखवावे. हे न सांगितल्यास नकाशावर केवळ हद्दीच्या खुणा येतात आणि ज्या चौथऱ्यासाठी एवढा खटाटोप केला तो कागदावर कुठेच सापडत नाही. मोजणीनंतर मिळणारी ‘क’ प्रत हा पुढच्या प्रत्येक पायरीवरचा मुख्य कागद आहे.

आमच्या मोजणीत चौथऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग रस्त्याच्या हद्दीत निघाला. असे झाल्यास दोन वेगळ्या वाटांनी जावे लागते. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीतील अतिक्रमणाला २००२ चा राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायदा लागू होतो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. त्या त्या उपविभागाच्या उपअभियंत्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. रस्त्याच्या हद्दीतले बांधकाम, ते तुमच्या शेतासमोर असले तरी, तुम्ही हटवायचे नसते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असा आदेश दिला, आणि १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते व पदपथ यांवर पुतळे किंवा इतर बांधकामे उभारण्यास परवानगी देण्यापासून राज्यांना रोखले. हे दोन्ही आदेश सार्वजनिक जागेपुरते आहेत. खासगी जमिनीबाबत त्यांचा दाखला देऊन अर्ज केला की कार्यालय तो योग्य कारणाने परत पाठवते आणि महिने वाया जातात.

उभे आहे ते नेमके काय आहे

नुसता फोटो, पाटी आणि चौथरा असेल, तर पुढची वाट त्यातल्या त्यात सोपी आहे. पण चौथऱ्याखाली अस्थी किंवा रक्षा ठेवली आहे का, हे कुटुंबालाच विचारावे लागते. बाहेरून ते कळत नाही. लिंगायत, गोसावी, नाथपंथी अशा समाजांत दफनाची रीत आहे, आणि स्वतःच्या किंवा भाऊबंदांच्या शेतात समाधी देण्याची पद्धतही ग्रामीण भागात आहे, त्यामुळे जुना चौथरा प्रत्यक्ष समाधी असू शकतो. दफनाच्या किंवा मृतांचे अवशेष ठेवलेल्या जागेत भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा तशा त्या दुखावतील हे माहीत असून, अतिक्रमण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार गुन्हा आहे, आणि जमीन स्वतःच्या नावावर असल्याने माणूस त्यातून आपोआप सुटत नाही. खाली देह असल्याची नुसती शंका आली तरी तहसीलदार तथा कार्यकारी दंडाधिकारी यांना लेखी कळवल्याशिवाय तिथे कुदळ लावू नये.

काही स्मारकांचे देवस्थान होते. दगडाला शेंदूर लागतो, अमावस्येला नारळ फुटू लागतात, येणारे-जाणारे ट्रकचालक हात जोडतात, आणि तीन-चार वर्षांत मूळ माणसाचे नाव मागे पडून ‘अमुक बाबा’ एवढेच उरते. आता समोर एक कुटुंब नसते, एक समुदाय असतो. अशा वेळी दोन नोंदी तपासाव्यात: धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्या नावाने सार्वजनिक विश्वस्त संस्था नोंदलेली आहे का, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, ते बांधकाम चढले आहे का. मजार किंवा दर्गा असेल तर वक्फ मंडळाची नोंदही पाहावी. क्रूस असेल तर संबंधित चर्चच्या धर्मगुरूंना भेटावे. वांद्र्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही रस्त्याकडेला दिसतात, आणि वसईत किंवा गोव्यात बांधावरच्या क्रुसामागे अपघाताची नव्हे, तर कित्येक पिढ्यांच्या नवसाची गोष्ट असू शकते. पूजास्थान किंवा पवित्र मानलेली वस्तू त्या धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने नष्ट केली तर त्याच संहितेचे कलम २९८ लागते. हेतू तसा नव्हता हे तुम्ही पुढे सिद्ध कराल, पण ते पोलीस ठाण्यात आणि कोर्टात, आणि तोवर गावात जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

महापुरुषाचा पुतळा, अर्धपुतळा किंवा प्रतिमा असलेला चौथरा असेल तर स्वतःहून काहीही हलवू नये. महाराष्ट्रात पुतळा उभारायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून तक्रारही जिल्हाधिकारी कार्यालयातच करावी आणि पुढची कार्यवाही प्रशासनाला करू द्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पूज्य असलेल्या वस्तूचे नुकसान किंवा विटंबना करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील स्वतंत्र गुन्हा आहे. गुन्ह्याची भीती बाजूला ठेवली तरी, अशा जागेशी माणसांचा स्वाभिमान जोडलेला असतो, आणि तो हातोड्याने सोडवायचा प्रश्न नव्हे.

आणखी एक प्रकार आहे, आणि त्याविषयी मला विशेष कळकळ वाटते. बांधावरचा उभा दगड नीट पाहिला तर कधी त्यावर कप्पे कोरलेले दिसतात: खाली लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तो वीरगळ असतो. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. शिलाहार आणि यादव काळातले असे दगड महाराष्ट्राच्या शिवारांत आजही उभे आहेत. हीसुद्धा वाटेवरची स्मारकेच, फक्त त्यांचे नातेवाईक शोधायला आता आठशे वर्षे मागे जावे लागेल. शंभर वर्षांहून जुन्या कोरीव दगडाला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्याला तेलरंग फासू नये, पायरी म्हणून वापरू नये, जेसीबीने बांधाआड लोटू नये. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि तहसीलदारांना छायाचित्रांसह कळवावे. शेताची वाट चार हात बाजूने काढता येत असेल तर ती तशी काढावी, एवढीच माझी विनंती आहे.

काळ कोणाच्या बाजूने जातो

संकोचापोटी गेलेल्या महिन्यांची किंमत कायद्याच्या भाषेत मोजता येते. तुमच्या संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्ग न वापरता तुम्हाला ताब्यातून काढले असेल, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो आणि त्यात मालकीचा वाद काढला जात नाही. शेतजमिनीसाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यातील कलम ५ खाली तहसीलदारांकडेही जाता येते, आणि तिथेही मुदत सहा महिन्यांचीच आहे. ही मुदत टळली म्हणून सगळे संपत नाही. मालकीच्या आधारे ताबा मागण्याचा दावा बारा वर्षांपर्यंत करता येतो, परंतु तो वाट पाहायला लावणारा मार्ग आहे. बारा वर्षे उघडपणे आणि तुमच्या हक्काला झुगारून ताबा चालला तर प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे ताब्याच्या जोरावर समोरच्याने मालकी सांगण्याचा, मुद्दा उभा राहतो, आणि वीस वर्षे विनाअडथळा वहिवाट चालली तर जाण्या-येण्याच्या सुविधाधिकाराचा.

त्याहून फसवी गोष्ट तोंडी परवानगीची आहे. दुःखाच्या भरात ‘असू द्या, बांधा’ असे आपण म्हणून जातो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील कलम ६० नुसार, परवानगीच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून पक्के काम केले असेल, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. फोटोला दिलेली ‘असू द्या’ आणि चौथऱ्याला दिलेली ‘बांधा’ यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कुटुंबाला काही काळ तिथे येऊ द्यावे असे मनापासून वाटत असेल, आणि बहुतेकांना ते वाटतेच, तर पहिल्याच महिन्यात असे दोन ओळींचे पत्र द्यावे:

‘आपण आमच्या गट क्रमांक ___ च्या पूर्व बांधावर ठेवलेला फोटो दिनांक ___ पर्यंत तेथे राहू देण्यास आमची हरकत नाही. ही सवलत तात्पुरती असून तेथे कोणतेही बांधकाम करण्यास आमची परवानगी नाही, आणि या सवलतीमुळे सदर जागेत कोणाचाही कोणत्याही प्रकारचा हक्क निर्माण होत नाही.’

पत्राच्या प्रतीवर कुटुंबातील एका वडीलधाऱ्याची सही घ्यावी. हे पत्र आम्ही दिले असते तर आमचे आठ महिने वाचले असते. त्याबरोबर दर हंगामात ई-पीक पाहणीत त्या क्षेत्राची नोंद करत राहावी, दोन-तीन महिन्यांनी तारखेसह छायाचित्रे काढावीत, आणि गावाबाहेर राहणाऱ्या मालकांनी हे काम एखाद्या विश्वासू माणसावर सोपवावे. मुंबई-पुण्याला किंवा परदेशात असलेल्यांच्या जमिनीवर चौथऱ्याचे छप्पर झालेले त्यांना थेट दिवाळीला गावी आल्यावरच कळते.

ग्रामसभेकडेही लक्ष असावे. चौथऱ्याभोवती फरशी, पथदिवा किंवा निवारा शेड यांसाठी सार्वजनिक निधीचा ठराव एकदा झाला, की खासगी प्रकरण सार्वजनिक होते. असा विषय निघताच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी हरकत द्यावी आणि जोडीला मोजणीचा नकाशा लावावा. वीजजोडणीचा अर्ज झाल्याचे कळले तर महावितरणच्या उपविभागालाही तसेच कळवावे.

कुटुंबाशी बोलणे

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात आणि जी चिघळतात तीही इथेच.

वर्षश्राद्धाच्या आधीचा महिना, पुण्यतिथीचा आठवडा, पितृपंधरवडा आणि दिवाळी, हे दिवस टाळावेत. पहिली भेट त्यांच्या घरी व्हावी. स्मारकापाशी उभे राहून बोलू नये. तिथे त्यांना दुसरे काही दिसत नाही आणि आपल्याला फक्त जागा दिसते. सोबत एकच माणूस असावा, त्यांच्या ओळखीचा: पोलीस पाटील, भावकीतले वडीलधारे कोणी, किंवा त्यांचे सोयरे. वकील, सरपंच आणि चार धट्टीकट्टी पोरे घेऊन गेलो तर आपण विनंती करायला आलो आहोत, यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आमच्या प्रकरणात मुलाच्या वडिलांना गावात सगळे अण्णा म्हणत. मोजणीचा नकाशा माझ्या पिशवीत होता, तो मी काढला नाही. पाणी झाले, थोडा वेळ तसाच गेला, आणि मी म्हणालो, “अण्णा, आठ महिने बोलेन बोलेन म्हणत राहिलो. धाकट्याला त्या बाजूने शेतात उतरायची वाट काढायचीय. तुम्ही सांगाल तसे करू, पण करावे लागेल.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्याच्या आईला विचारावे लागेल. ती दर सोमवारी जाते.” त्यांनी नकार दिला नव्हता, होकारही दिला नव्हता, पण स्मारक त्या घरात नेमके कोणाचे आहे ते मला त्या एका वाक्यात कळले. बोलणी नेहमी पुरुषांशी होतात आणि दिवा लावायला बहुतेक वेळा आई किंवा पत्नी जाते. तिच्याशी, तिच्या घरातल्या कोणा स्त्रीच्या सोबतीने, बोलणे झाल्याशिवाय कोणताही शब्द पक्का धरू नये.

बोलताना काय मागायचे हे ठरलेले असते, म्हणून काय द्यायचे हेही आधी ठरवून जावे. पर्याय खरा हवा. गावच्या स्मशानभूमीशेजारी किंवा त्यांच्या स्वतःच्या शेतात चौथरा हलवण्याचा खर्च आपण उचलणे, शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत, परवानगी घेऊन, त्या मुलाच्या नावाने झाड किंवा पाण्याची टाकी, असे काही सुचवता येते. पाटी तीच ठेवावी, नवी करून देण्याचा आग्रह धरू नये; त्या पाटीवरचे शब्द कोणीतरी विचार करून निवडलेले असतात.

अनेकदा कुटुंबाला त्या जागी स्मारक हवे असते ते ‘इथे दुसऱ्या कोणाचे लेकरू जाऊ नये’ म्हणून. ही मागणी तुम्ही पुढे नेऊ शकता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे, साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले असतील, किंवा अपघातांत १० मृत्यू झाले असतील, तर ती जागा अपघातप्रवण स्थळ ठरते आणि तिथे सुधारणा करणे यंत्रणेला भाग असते. त्या वळणावरच्या अपघातांची माहिती पोलीस ठाण्यातून माहितीच्या अधिकारात मागवावी आणि कुटुंबाबरोबर मिळून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज करावा. पट्टा या निकषात बसत नसला तरी सूचनाफलक आणि रंबलर यांसाठी अर्ज करता येतो. धडक देणारे वाहन सापडलेच नसेल, तर एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख रुपयांची भरपाई आहे, आणि ती मागायची असते हेच पुष्कळ घरांना माहीत नसते. आम्ही वळणाच्या अलीकडे सूचनाफलक बसावा म्हणून अण्णांसोबत सही केली. फलक बसला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन करून चौथऱ्याचा दिवस सांगितला.

संमतीचा कागद

तोंडी होकार मिळाला की त्याच आठवड्यात तो कागदावर आणावा. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी केलेले संमतीपत्र पुरेसे होते. भाषा अतिक्रमणाची आणि चुकीच्या कबुलीची नसावी; अशा शब्दांवर सही करायला कोणीही मागे सरतो आणि त्यांची गरजही नसते. मजकूर साधारण असा ठेवावा:

‘आमचे चिरंजीव कै. ___ यांच्या स्मरणार्थ श्री. ___ यांच्या मालकीच्या गट क्रमांक ___ मधील जागेत ठेवलेली पाटी, फोटो व चौथरा आम्ही कुटुंबीय स्वखुशीने दिनांक ___ रोजी ___ येथे स्थलांतरित करीत आहोत. सदर चौथऱ्याखाली अस्थी अथवा इतर अवशेष नाहीत. स्थलांतराचा खर्च श्री. ___ करतील. सदर जागेत आमचा कोणताही हक्क अथवा मागणी नाही व यापुढे राहणार नाही.’

आई, वडील, पत्नी आणि सज्ञान भावंडे या सर्वांच्या सह्या असाव्यात. एकाची सही राहिली, तर पुढे त्याच माणसाच्या नावाने वाद परत येतो.

हटवण्याचा दिवस

दिवस कुटुंबाने ठरवावा, वेळ आपण. सकाळी लवकर सुरू करून दुपारच्या आत संपवावे. दोन दिवस आधी पोलीस ठाण्यात संमतीपत्राची प्रत जोडून माहितीचे पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पोलीस पाटलांना समक्ष सांगावे. रस्त्याच्या हद्दीत काही भाग येत असेल तर बांधकाम विभागाचे पत्र हातात असल्याशिवाय त्या भागाला हात लावू नये. ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्याच्या साईडपट्टीवर उभी न करता शेतात घ्यावी आणि काम करणाऱ्यांना चमकणारी जाकिटे द्यावीत, कारण ही जागा अपघाताची आहे हे आपल्याला आधीच माहीत असते.

जेसीबी बोलावू नये. तीन फुटांचा चौथरा दोन गवंडी छिन्नी-हातोड्याने अर्ध्या दिवसात मोकळा करतात, आणि पाटी अखंड निघते. मूर्ती किंवा शेंदराचा दगड असेल तर गुरुजींना बोलावून उत्तरपूजा करावी, मग तो हलवावा. इतर धर्मीयांच्या बाबतीत त्यांच्या धर्मगुरूंनी सांगितलेला क्रम पाळावा. सुरुवात करण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, शेवटी मोकळ्या जागेचीही काढावीत, आणि पाच पंचांसमोर साधा पंचनामा लिहून त्यावर कुटुंबाची सही घ्यावी. विधी चालू असताना मात्र मोबाइल खिशात ठेवावा.

आमच्या इथे त्या मुलाच्या आईंनी आधी फोटो उतरवला. काचेच्या आत पावसाचे पाणी शिरून फोटोचा खालचा कोपरा तपकिरी झाला होता. त्यांनी पदराने काच पुसली, फ्रेम नव्या कापडात गुंडाळली आणि मगच गवंड्याला हात लावायला सांगितले. चौथऱ्यावरची स्टीलची पणती, तांब्या, घुंगरू बांधलेली मोटारसायकलची किल्ली, असे जे काही निघाले ते एका डब्यात घालून त्यांच्या हातात दिले. अशा वस्तूंतली एकही ‘खराब झाली आहे’ म्हणून आपण टाकू नये. खिळ्याने तारीख कोरलेला सिमेंटचा तुकडा गवंड्याने चौकोनी कापून वेगळा काढला आणि तो नव्या जागी पाटीशेजारी बसवला.

पाया अर्धवट सोडू नये. नांगर किंवा रोटाव्हेटर अडकणार नाही इतका, म्हणजे निदान दीड फूट खोलपर्यंत, तो काढावा आणि खड्ड्यात शेतातलीच माती भरावी. राडारोडा रस्त्याच्या चारीत टाकला तर पावसाळ्यात पाणी तुंबते आणि पूज्य जागेचे तुकडे पायदळी आले म्हणून नवे भांडण उभे राहते. तो त्याच दिवशी ट्रॉलीत भरून, कुटुंबाला विचारून, त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी भरावासाठी वापरावा.

कुटुंब तयारच नसेल तर

दोन-तीन भेटींनंतरही नकार कायम राहिला, तर गावातली तंटामुक्ती समिती ही पुढची पायरी आहे; महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून अशाच तंट्यांसाठी राबवली गेली. तिथेही मिटले नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज करावा. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना तो कागद जपून ठेवण्याजोगा वाटतो.

वकिलांमार्फत नोटीस त्यानंतर. नोटिशीत, पूर्वी परवानगी दिली असल्यास ती मागे घेतल्याचा उल्लेख, वस्तू नेण्यासाठी पुरेशी मुदत आणि पर्यायी जागेचा प्रस्ताव, हे तिन्ही असावेत, कारण पुढे न्यायालय तुमचे वर्तन त्याच कागदावरून वाचते. मग दिवाणी न्यायालयात आज्ञार्थक (म्हणजे बांधकाम हटवायला लावणाऱ्या) आणि कायमच्या मनाई हुकुमाचा, गरजेनुसार ताब्याचाही, दावा करावा. शासन किंवा शासकीय अधिकारी प्रतिवादी असतील तर दोन महिन्यांची आगाऊ नोटीस लागते. दावा चालू असताना ‘जैसे थे’ आदेश असेल, तर साधा पत्राही हलवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या रामे गौडा प्रकरणात स्पष्ट केले आहे की, ताबा स्थिरावलेल्या माणसाला खऱ्या मालकानेही कायद्याच्या मार्गानेच काढावे लागते.

रात्री गुपचूप तोडणे, दारू पाजून मजुरांकडून काढून घेणे, ‘वादळात पडले’ असे सांगणे, हे मी पाहिले आहे. प्रत्येक वेळी पंधरा दिवसांत त्याच जागी आधीपेक्षा मोठे बांधकाम उभे राहिले, आणि दुसऱ्यांदा ते उभे करायला कुटुंबाबरोबर अख्खे गाव आले.

जागा मोकळी झाल्यावर

बांधावर तारेचे कुंपण आणि एक छोटे फाटक लगेच करून घ्यावे. रस्त्याकडची उघडी, सपाट, सावलीची जागाच स्मारकासाठी निवडली जाते. पंचनामा, संमतीपत्र आणि छायाचित्रे यांची एक प्रत ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे तलाठी) द्यावी, पोच आपल्याकडे ठेवावी. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कोणी नोंद करण्याचा प्रयत्न करत असल्याची नोटीस आली, तर पंधरा दिवसांच्या मुदतीत ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे हरकत द्यावी.

पहिल्या पुण्यतिथीला कुटुंब जुन्या जागी येण्याची शक्यता असते. फाटकाला त्या दिवशी कुलूप लावू नये. अण्णा आणि मुलाच्या आई आल्या तेव्हा आमची तूर फुलावर होती. त्या बांधावर दोन मिनिटे थांबल्या, एक फूल मातीवर ठेवले, आणि निघताना फाटकाची कडी स्वतः लावून गेल्या.